सेट झालं म्हणजे नेमकं काय झालं?

मराठी भाषा गौरव दिनाला आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या सोसायटीत दरवर्षी छोटासा कार्यक्रम असतो, कुसुमाग्रजांच्या फोटोला हार, मुलांच्या कविता, मग चहा, आणि मग ज्यासाठी सगळे खरंतर थांबतात ती चर्चा. यंदा चर्चा पेटली एका शब्दावरून. सेट. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत या एवढ्याशा शब्दाचे चारशेच्या वर अर्थ दिलेत, तुम्ही मराठीला समृद्ध म्हणता ना, मग सेटला एक तरी धड मराठी शब्द सांगा. त्यावर आमचे एक रिटायर्ड सर तावातावाने उठले, संच म्हण म्हणाले, आणि जमत नसेल तर तो शब्दच तोंडात घेऊ नकोस, असल्या शब्दांनीच भाषा नासवली. टाळ्या दोघांनाही पडल्या. मी तेव्हा गप्प बसले कारण मला पटकन बोलता येत नाही, पण दोन आठवडे झाले ते डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. सेट हा शब्द मराठीत आलाय, रुळलाय, त्याला हाकलायची गरज नाही आणि तो हाकलला जाणारही नाही. अर्थ मोजून भाषेची श्रीमंती ठरवणं हा खेळच चुकीचा आहे, तो मुलगाही चुकला आणि त्याला उत्तर देताना सरही त्याच्याच खेळात उतरले. ज्याची काळजी करायला पाहिजे ते वेगळंच आहे आणि त्यावर त्या संध्याकाळी कोणी एक शब्द बोललं नाही. 'सेट होणं' आणि 'सेट करणं' ही जोडी आपली छोटी छोटी रोजची क्रियापदं एकेक करून खात चाललीये.

आधी त्या चारशे अर्थांचं बघू, कारण तो आकडा खरा आहे. ऑक्सफर्ड डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सेटच्या नोंदीत सुमारे ४३० अर्थ आणि त्यावर जवळपास ६०,००० शब्दांचा मजकूर आहे, म्हणजे एका शब्दावर एक बऱ्यापैकी पुस्तक. नंतर जुन्या नोंदी नव्याने तपासताना रन या क्रियापदाने सेटला मागे टाकलं, त्याचे ६४५ अर्थ निघाले. पण हे आकडे नेमकं काय मोजतात? एका कोशाच्या मागे किती माणसं किती वर्षं बसली ते मोजतात. या कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये छापून आला आणि पहिली आवृत्ती पूर्ण व्हायला १९२८ उजाडलं, आणि तेव्हापासून ते काम थांबलेलं नाही. प्रत्येक वापर वेगळा काढून, त्याचा जुन्यात जुना पुरावा शोधून, त्याला नंबर देऊन ठेवलाय. ही मेहनत मोठीच आहे आणि आपल्याकडे एवढ्या प्रमाणात ती झालेली नाही हे मान्य करते. पण त्यावरून इंग्रजी श्रीमंत आणि मराठी गरीब कसं ठरतं?

आपलं 'लागणं' घ्या. सीबीएसला, म्हणजे आमच्या मुख्य बस स्टँडवर, उभं राहिलं की कानावर येतं, पुण्याची गाडी लागली. त्याच गाडीत बसताना कोणीतरी म्हणतं, खिडकी द्या हो, मला गाडी लागते. घाट लागला की हमखास. मग भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, रांग लागते, दिवे लागतात, दार लागतं, कीड लागते, दृष्ट लागते, नाद लागतो, शोध लागतो, वेळ लागतो, पैसे लागतात, भाजी खारट लागते, हा तुझा कोण लागतो असं विचारतात, पोरगं बोलायला लागतं आणि आपल्याला नको असताना जावं लागतं. हे मी न थांबता, पुस्तक न उघडता लिहिलंय. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात लागणें काढून बघा, वाचता वाचता दमायला होतं. आणि तो कोश एका इंग्रज माणसाने आपल्या पंडितांना हाताशी घेऊन केला, त्याला आपल्या क्रियापदांचं जे अप्रूप वाटलं ते आपल्या पोरांना वाटत नाही. आता मी त्या मुलाला उलटं विचारू का, की लागणंला एक धड इंग्रजी शब्द सांग? नाही विचारणार, कारण प्रश्नच चुकीचा आहे. रोजच्या कामाचे शब्द सगळ्याच भाषांत शंभर ठिकाणी राबतात. जितका शब्द लहान आणि घरगुती तितके त्याचे अर्थ जास्त.

आणि गंमत बघा, सेट हा शब्द आपल्याला वाटतो तितका परका नाही. इंग्रजीत सिट म्हणजे बसणं आणि सेट म्हणजे मुळात बसवणं. बसणं-बसवणं, अगदी आपल्यासारखीच जोडी. आणि ज्या मूळ धातूपासून हे सिट आणि सेट आले त्याच धातूपासून संस्कृतातला सद् आला, ज्याच्यातून आपले सदन, सभासद, परिषद, संसद हे शब्द निघाले. म्हणजे संसदेत बसलेला सभासद आणि टीव्हीचा सेट लांबचे का होईना भाऊबंद आहेत. पुढचं अजून महत्त्वाचं. भांड्यांचा सेट, पुस्तकांचा सेट यातला सेट, म्हणजे एकत्र असलेल्या गोष्टींचा गट, हा अर्थ इंग्रजीत मुख्यतः जुन्या फ्रेंचमधून आला, तिथे तो लॅटिनमधून आला. दोन वेगळ्या घरांतले शब्द उच्चार सारखा म्हणून एकमेकांत मिसळून गेले. म्हणजे ज्या शब्दाच्या जोरावर इंग्रजीची श्रीमंती सांगितली जाते त्याच्यातला एक मोठा वाटा उसना आहे! उसनं घेतल्याने भाषा नासते असं सर म्हणतात, मग इंग्रजी अजून कशी नासली नाही?

सरांच्या बाजूने जे सगळ्यात भक्कम म्हणता येईल ते आता मीच म्हणते, कारण नाशिककराला ते टाळून चालणार नाही. भगूर इथून हाकेच्या अंतरावर आहे. सावरकर १८८३ मध्ये तिथे जन्मले आणि भाषाशुद्धीसाठी त्यांनी जे शब्द दिले किंवा रुजवले त्यातले दिनांक, महापौर, हुतात्मा, चित्रपट आज आपण विचारसुद्धा न करता वापरतो. त्याच्याही आधी शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राजव्यवहारकोश करून घेतला, फारसी-अरबी दरबारी शब्दांना पर्याय म्हणून. म्हणजे ठरवून शब्द घडवता येतात आणि ते टिकतात, हे काही स्वप्नरंजन नाही, त्याचे पुरावे आहेत. हे मला मान्य आहे आणि त्याचा अभिमानही आहे.

पण त्या दोन्ही प्रयत्नांत काय टिकलं आणि काय नाही तेही बघायला पाहिजे. राजव्यवहारकोश होऊन साडेतीनशे वर्षं होत आली आणि आपण अजूनही सरकारकडे अर्ज करतो, जमिनीसाठी वकील लावतो, तारखेला हजर राहतो आणि कागद मागतो. आणि जे टिकले ते बहुतेक सगळे शब्द पदांची, वस्तूंची, ऑफिसातल्या गोष्टींची नावं आहेत, जी पाटीवर, फॉर्मवर, पेपरात छापून येतात. दिनांक फॉर्मवर छापलं आणि रुजलं. संच पण तसाच रुजला, नववीच्या गणितात पहिलाच धडा संच आहे, आमच्या मुलीला तो शब्द तिथे अजिबात जड गेला नाही. पण मोबाईलची सेटिंग, टीव्हीचा सेट, जिममधले तीन सेट, पेपरचा ए सेट बी सेट, नेट-सेटची परीक्षा, उडप्याकडचा सेट डोसा, इथे संच म्हणा असं सरांनी कितीही सांगितलं तरी ते होणार नाही, आणि झालं नाही तर बिघडतंय काय? पाव आणि बटाटा पोर्तुगीजांबरोबर आले, आज वडापाव कोणाचा आहे हे कोणी विचारेल का?

उसना शब्द घेणाऱ्याच्या घरी राहून त्याचा होतो याचं उदाहरण तर भगूरला लागूनच आहे. देवळाली. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांची तिथे छावणी होती, नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर विलायतेच्या जहाजाची वाट बघत तिथे पडून राहायचे, महिनोन् महिने काम नाही, ऊन, दारू, ताप, त्यात काहींचं डोकं फिरायचं. त्यातून डूलाली टॅप हा शब्द निघाला, देवळालीचा ताप, आणि आजही इंग्लंडमध्ये एखाद्याला वेड लागलं की तो डूलाली झाला म्हणतात. आपल्या गावाचं नाव त्यांनी नेलं, मोडलं, त्याला स्वतःचा अर्थ दिला, आणि तो आता त्यांचा शब्द आहे. तसंच आपण सेटिंगचं केलं. 'त्याची तिच्याशी सेटिंग आहे' हे वाक्य तिकडे बोलून दाखवा, कोणाला कळणार नाही. तो अर्थ इथल्या कट्ट्यांवर तयार झालाय, तो आपलाच आहे.

आमचा एक नातेवाईक दिंडोरीकडे द्राक्षं करतो. ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचा दीड-दोन महिना त्याच्याशी दुसरं काही बोलताच येत नाही, बाग फुलोऱ्यात असते आणि तेव्हा पाऊस झाला किंवा धुकं पडलं की घड कुजतात, फुलं गळतात, वर्षाचं गणित जातं. या टप्प्याला तो सेटिंग म्हणतो. फुलाचा मणी होणं. फळधारणा हा शब्द त्याला माहितीये, कृषी खात्याच्या पत्रकात तो असतोच, पण बागेत, औषधाच्या दुकानात, सल्लागाराशी बोलताना सगळे सेटिंगच म्हणतात आणि त्याचा अर्थ एकच, नेमका, ठरलेला असतो. या शब्दावर तो पहाटे चारला उठून फवारणी करतो. त्याला जाऊन कोण सांगणार की हा शब्द तोंडात घेऊ नको?

इथपर्यंत मी सेटचीच वकिली केली असं वाटेल. पण आता खरा मुद्दा. सेटिंग द्राक्षाच्या बागेत आलं तेव्हा ते एका नेमक्या कामासाठी आलं. टीव्ही सेट आला तेव्हा वस्तूसोबत आला. पण आता जे 'सेट झालं' घरात शिरलंय ते कोणतीही नवी वस्तू घेऊन आलेलं नाही, जिथे आधीच माणूस बसलेलं आहे त्या खुर्चीवर ते येऊन बसतंय.

माझी आई पंचवटीत राहते. रात्री दूध कोमट झालं की करंगळी बुडवून बघते, चमच्याच्या टोकावर विरजण घेते, भांड्याच्या कडेने फिरवते, वर ताटली ठेवते आणि थंडीत त्याला जुन्या टॉवेलात गुंडाळते. सकाळी भांडं जरासं तिरकं करून बघायचं आणि म्हणायचं, लागलं. छान लागलं, कवडी पडलीये. माझी मुलगी, जी आजीच्या हाताखाली वाढलीये, ती परवा फ्रिज उघडून म्हणाली, आजी, दही सेट झालंय का? आई क्षणभर थांबली आणि हो म्हणाली. मला त्या क्षणी काय वाटलं ते नीट सांगता येत नाही, राग अजिबात नव्हता, पोरीला काय बोलणार, ती व्हिडिओंमध्ये तेच ऐकते आणि मीही घरात तेच बोलत असणार. पण मग मी लक्ष ठेवायला लागले. जेली सेट होते, खरवस सेट होतो, वडीचं मिश्रण ताटात सेट व्हायला ठेवतात, तूपसुद्धा सेट होतं म्हणे. अहो, तूप थिजतं! पाणी गोठतं, दही लागतं, सिमेंट धरतं, लोणचं मुरतं, वडी पडते, पाक येतो. या प्रत्येक शब्दात त्या पदार्थाचं काय होतंय ते दिसतं. थिजलेलं तूप बोटाने दाबलं की वितळणार हे थिजणं या शब्दातच आहे, मुरायला वेळ लागणार हे मुरण्यातच आहे. सेट झालं म्हटल्यावर कळतं एवढंच की आधी पातळ होतं आणि आता नाही.

आणि हे स्वयंपाकघरापुरतं नाहीये. गजर लावतो, तो आता सेट करतो. चाल लावतो, पेपर काढतो, पानं घेतो, सापळा रचतो, निखळलेलं हाड बसवतो, सगळ्याला सेट. सराफ बाजारात परवा अंगठी दाखवायला गेले तर दुकानातला मुलगा म्हणाला, मॅडम सेटिंग लूज झालीये. त्याच्या मागे बसलेले त्याचे आजोबा मान वर न करता म्हणाले, कोंदण ढिलं झालंय. दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत होते, पण कोंदण म्हटल्यावर मला तो खडा, त्याच्याभोवती दाबून बसवलेलं सोनं, सगळं डोळ्यासमोर आलं. भांडी बाजारातही तसंच, एकावर एक रचलेली भांडी उतरंड होती, नाण्यांची चळत होती, केळ्यांची फणी, कोथिंबिरीची जुडी, लाकडांची मोळी, आता बघावं ते सेटमध्ये मिळतं.

यावर तो मुलगा म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल, की इंग्रजीतही दही, तूप, रक्त, सिमेंट यांच्यासाठी वेगळे शब्द आहेतच, तरी ते लोक सेट वापरतात, त्यांचं काही अडलं नाही. नाही अडलं, कारण त्यांच्या घरात सेटही आहे आणि ते बाकीचे शब्दही आहेत, दोन्ही एकाच घरचे. आपण मात्र तो एकटाच आणतोय आणि त्याला जागा करायला आपले बाहेर काढतोय. शिवाय इंग्रजी क्रियापद मराठीत एकटं चालत नाही, त्याच्यामागे करणं किंवा होणं जोडावं लागतं. अॅडजस्ट करणं, मॅनेज होणं, सेट होणं. एक शब्द आला की एक क्रियापद आपलं काम सोडतं आणि त्याच्याजागी तेच ते करणं-होणं येतं. फारसीतून आपण शेकडो नावं घेतली पण बसणं, लागणं, धरणं, रुजणं, मुरणं ही क्रियापदं तेव्हा जशीच्या तशी राहिली, म्हणूनच इतकं घेऊनही ती मराठीच राहिली असं मला वाटतं.

एक जागा अशी आहे जिथे हे नुकसान भाषेपुरतं राहत नाही. मागच्या वर्षी वडिलांच्या जमिनीच्या वारस नोंदीसाठी एका सरकारी ऑफिसात आठ चकरा झाल्या. नवव्या वेळी दाराबाहेरच्या माणसाने जवळ येऊन हळूच सांगितलं, ताई, उगाच कशाला हेलपाटे घालता, आतमध्ये आपली सेटिंग आहे. मी घरी येऊन भावाला सांगताना म्हटलं की तिथे सेटिंग लागेल. सहज म्हटलं. रात्री झोपताना लक्षात आलं की मी लाच म्हटलंच नाही. तो माणूस तर म्हणणारच नव्हता, पण मीही नाही म्हटलं. लाच देणं हा गुन्हा आहे, लाचलुचपत हा शब्द सरकारच्या एका खात्याच्या नावातच आहे, तो शब्द तोंडातून काढायलाच जड जातो आणि ते जड जाणं चांगलं आहे. वशिला म्हटलं तरी थोडी लाज वाटते. साटंलोटं, संगनमत म्हटलं की दोघं दिसतात. कोणी म्हणेल मराठीत चहापाणी, चिरीमिरी, वजन ठेवणं असे झाकायचे शब्द आधीपासून आहेतच, आहेतच की. पण चहापाण्यात पाजणारा आणि पिणारा दोघं असतात, वजन कोणीतरी ठेवतं आणि कोणाच्या तरी टेबलावर ठेवतं. सेटिंगमध्ये देणारा नाही, घेणारा नाही, पैसासुद्धा नाही, जणू मोबाईलचं बटण दाबून काहीतरी जुळवलं. माझी तिथे सेटिंग आहे असं लोक लग्नात, चारचौघांत अभिमानाने सांगतात. माझी तिथे लाच चालते असं कोणी सांगेल का?

ती नोंद पैसे न देता झाली, अकराव्या चकरेला. सांगायचं एवढ्यासाठी की त्यानंतर मी घरात ठरवलं, त्या प्रकाराला त्याच्या नावाने हाक मारायची. मोबाईलच्या सेटिंगला सेटिंग म्हणेन, डिनर सेटला डिनर सेटच म्हणेन, सरांनी रागावलं तरी चालेल. आणि सरांना एक विनंतीही करून आलेय, की पुढच्या फेब्रुवारीत प्रतिशब्द शोधण्याची स्पर्धा नको, मुलांना सांगू की घरच्या मोठ्या माणसांना विचारून त्यांच्या कामातली क्रियापदं लिहून आणा, आजी दह्याला काय म्हणते, गवंडी मालाला काय म्हणतो, शिंपी, सुतार, सोनार काय म्हणतात. सर म्हणाले बघू. तो इंजिनिअरिंगवाला मुलगा म्हणाला की त्याचे आजोबा ओझरला सुतारकाम करायचे, तो त्यांना विचारून येईल.

काल दिंडोरीहून फोन होता. यंदाचा माल निघाला, आता एप्रिल छाटणीची तयारी चालूये, आवाजात थकवा होता पण बरा होता. मी विचारलं, या वेळी एवढा पाऊस झाला तरी कसं काय जमलं, तर म्हणाला, अगं ताई, सेटिंगच्या आठ दिवसांत वरच्याने दया केली, पाऊस वर राहिला, आणि मणी असे धरले होते ना, नुसतं बघत राहावं.